कागद कुठे अडला?

दरवर्षी पावसाळा सरत आला की आमच्या तालुक्यात माजी सैनिकांचा मेळावा भरतो. यंदा त्यात एक तरुण जवान आला होता. सिक लीव्हवर घरी आलेला, डाव्या पायात सळी घातलेली, सोबत निवृत्त हवालदार असलेले काका. काकांनी आग्रह केला म्हणून तो बोलला, तेही बसूनच. ज्या लष्करी रुग्णालयात त्याने अडीच महिने काढले, तिथल्या वॉर्डाचे छत गळत होते, दोन खाटा सरकवून मध्ये बादली ठेवली होती, आणि कुबड्यांवर शौचालयाकडे जाताना ओल्या फरशीवरून घसरल्याने त्याचे टाके दुसऱ्यांदा घालावे लागले होते. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांविषयी त्याची काडीचीही तक्रार नव्हती. ‘मेजरसाहेबांनी पाय वाचवला,’ हे वाक्य तो दोनदा बोलला. रुग्णालयाचे नाव त्याने घेतले नाही आणि आम्हीही विचारले नाही. पुढचा अर्धा तास मात्र सभागृहात कोणाचे बोलणे कोणाला ऐकू येईना. एका बाजूचे म्हणणे असे की घरचे उणेदुणे चव्हाट्यावर आणू नये, यातून सैन्याची बदनामी होते. दुसरी बाजू म्हणत होती की त्या रुग्णालयाच्या कमांडंटला, म्हणजे प्रमुखाला, आधी निलंबित करा, मग बाकीचे बोलू. हाच वाद मी याआधीही अनेकदा ऐकला आहे, आणि दर वेळी दोन्ही बाजू चुकीच्या प्रश्नावर भांडतात असे माझे मत होत गेले आहे.

जखमी सैनिकाचे रुग्णालयात हाल झाले, तर ‘शिक्षा कोणाला?’ हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा, की हे कोणाला ठाऊक होते, त्याने ते लेखी कोणाला कळवले, आणि तो कागद कुठे अडला? ज्या टेबलावर तो पडून राहिला, तिथे जबाबदारी सुरू होते. हा शोध लष्कराच्या अंतर्गत चौकशीवर सोपवून भागणार नाही. त्याचे उत्तर संसदेला आणि पर्यायाने तुम्हाआम्हाला मिळाले पाहिजे. ही माझी भूमिका आहे, आणि तिच्यावर घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत हे मी जाणून आहे.

सगळ्यात बळकट आक्षेप कोकणातल्या माणसाला लगेच पटेल असा आहे. आमच्याकडे ग्रामीण रुग्णालयाची इमारत उभी असते, पण भूलतज्ज्ञ नसतो. सिंधुदुर्गातला गंभीर रुग्ण गोव्यात बांबोळीला न्यावा लागतो आणि रत्नागिरीतला कोल्हापूरला किंवा मुंबईला. महामार्गाच्या खड्ड्यांतून रुग्णवाहिका जात असताना नातेवाईक घड्याळाकडे पाहत बसतात. अशा मुलखातल्या लोकांना कुलाब्याचे नौदलाचे आयएनएचएस अश्विनी रुग्णालय किंवा पुण्याचे कमांड हॉस्पिटल म्हणजे वेगळे जग वाटते, आणि ते वाटणे खोटे नाही. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून १९४८ पासून डॉक्टरांच्या पिढ्या बाहेर पडल्या आहेत. पुण्याच्याच कृत्रिम अवयव केंद्राने १९४४ पासून किती जणांना पुन्हा उभे केले असेल! खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात कमरेखालचे बळ गेलेले जवान सन्मानाने राहतात. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेले मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक मिळवतात, तेव्हा त्यांच्या जिद्दीबरोबर त्यांच्यावर उपचार करणाऱ्या हातांचाही त्यात वाटा असतो. मग ज्या व्यवस्थेने एवढे केले, तिच्या गळक्या छताचा एवढा बोभाटा कशाला?

तरीही मला ही तुलना मान्य नाही, कारण नागरी रुग्णाजवळ असलेली एक गोष्ट जवानाजवळ नसते. मला दवाखाना आवडला नाही तर मी दुसरीकडे जातो, कर्ज काढून का होईना. वर्तमानपत्राला पत्र लिहितो, आमदाराच्या दारात बसतो. जवानाला रुग्णालय निवडता येत नाही, नोकरी मनात येईल तेव्हा सोडता येत नाही, आणि लष्कराच्या १९५४ च्या नियमांतील २१ व्या नियमामुळे सेवेच्या बाबींवर परवानगीवाचून वर्तमानपत्रांशी बोलताही येत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ ने सैनिकांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. शिस्तीसाठी ते आवश्यक आहे, याविषयी माझी तक्रार नाही. पण ज्याचा आवाज संसदेनेच कायद्याने मर्यादित केला, त्याच्या वतीने विचारपूस करण्याची जबाबदारी मग कोणाची? त्याच संसदेची नाही का? तालुक्याच्या दवाखान्यात भूलतज्ज्ञ नाही ही स्वतंत्र लाज आहे. एका लाजेने दुसरी झाकली जात नाही.

इतिहास शिकवण्यात माझी पस्तीस वर्षे गेली, त्यामुळे या वादात मला नेहमी एक जहाज आठवते. नोव्हेंबर १९१५ मध्ये मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, ब्रिटिशांच्या हिंदी फौजेची तुर्कांशी टेसिफॉनची लढाई झाली. लढणाऱ्या तुकडीचे नाव सहावी पूना डिव्हिजन. १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ वी मराठा या पलटणी तिच्यात होत्या, आणि मराठा पलटणींची भरती देशावरून होई तशी कोकणातूनही होई. मृत आणि जखमी मिळून आकडा साडेचार हजारांच्या आसपास गेला. जखमींना टायग्रिस नदीने बसऱ्याला न्यायचे होते. त्यासाठी पुरेशा बोटी, डॉक्टर, बिछाने, यांतले काहीच नव्हते. ‘मेजिदिया’ नावाची बोट बसऱ्याला आली, तेव्हा इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर आपल्या रुग्णजहाजावरून ती पाहत होते. दुरून त्यांना वाटले की बोटीच्या कडेने दोरखंड लोंबत आहेत. जवळ आल्यावर कळले की ती वाळलेली विष्ठा होती. हगवणीने खंगलेली, हाडे मोडलेली माणसे उघड्या डेकवर इतकी दाटीने पडली होती की त्यांना कडेपर्यंत सरकणेही शक्य नव्हते.

कार्टर यांनी हे वर कळवले. त्यावर वरिष्ठांनी त्यांना लुडबुड्या ठरवले, अटकेची आणि रुग्णजहाज काढून घेण्याची धमकी दिली. त्याच डिसेंबरात सेनापती जनरल निक्सन यांच्याकडून गेलेल्या तारेत मात्र जखमींची प्रकृती अतिशय समाधानकारक असून वैद्यकीय व्यवस्थेने अवघड परिस्थितीत उत्तम काम केल्याचे लिहिले होते. एकाच नदीवरून निघालेले हे दोन कागद. खोटा पुढे गेला आणि खरा दाबला गेला. पुढे ब्रिटिश संसदेने कायदा करून चौकशी आयोग नेमला. १९१७ च्या त्याच्या अहवालाने रणांगणावरचे सेनापती आणि मुख्य वैद्यकीय अधिकारी यांच्यावरच न थांबता हिंदुस्थानचे सरसेनापती ब्यूचॅम्प डफ आणि व्हाइसरॉय हार्डिंग यांच्यापर्यंत दोष नेला, आणि ब्रिटिश मंत्रिमंडळातले भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. चेंबरलेन यांनी स्वतः कोणाचीही मलमपट्टी थांबवली नव्हती. आपल्या खात्याच्या कारभारावर आयोगाने ठपका ठेवल्यावर आपण त्या खुर्चीत राहू नये, एवढाच त्यांचा हिशेब होता. परक्या सत्तेने, आपल्याच लोकांवरच्या अन्यायासाठी, भर युद्धात अशी उघड चौकशी केली. त्या राजवटीचे गोडवे गाण्याची माझी इच्छा नाही. बोटीवर मेलेल्यांना या अहवालाने काही परत दिले नाही. पण युद्ध चालू असताना जे विचारता आले, ते शांततेच्या काळात विचारल्याने सैन्याचे मनोबल खचते, असे म्हणणाऱ्याने याचे उत्तर दिले पाहिजे.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण ‘कमांडंटला घरी बसवा’ म्हणणाऱ्यांचा राग मला कळत असला तरी तर्क कळत नाही. लष्करी रुग्णालयाच्या प्रमुखाच्या हातात नेमके काय असते? इमारतीची बांधकामे आणि दुरुस्ती एमईएस, म्हणजे मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस पाहते. कोणत्या पदांना मंजुरी द्यायची हे दिल्लीत ठरते. औषधांच्या मोठ्या खरेदीची सूत्रे सशस्त्र सेना वैद्यकीय सेवेच्या महासंचालकांकडे असतात. कमांडंट दोन-तीन वर्षांसाठी येतो आणि बदलून जातो. त्याने पावसाळ्यापूर्वी छताच्या दुरुस्तीची मागणी तीनदा लिहून पाठवली असेल आणि पैसे आले नसतील, तर त्याला घरी बसवून छत कसे गळायचे थांबेल? उलट त्याने एकदाही लिहिले नसेल, तर तो नक्कीच दोषी आहे. म्हणूनच कागद पाहिल्याशिवाय या दोघांत फरक करता येत नाही, आणि दोघांना एकच शिक्षा देणारी व्यवस्था पुढच्या कमांडंटला एवढेच शिकवते की तपासणीच्या आदल्या दिवशी भिंती रंगवून घ्याव्यात.

अमेरिकेत हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडले आहे. फेब्रुवारी २००७ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने वॉल्टर रीड या नामांकित लष्करी रुग्णालयाविषयी लेखमाला छापली. इराक आणि अफगाणिस्तानातून हातपाय गमावून आलेले सैनिक रुग्णालयाच्या आवाराबाहेरच्या ‘बिल्डिंग १८’ मध्ये राहत होते. भिंतींना बुरशी, खोल्यांतून उंदरांच्या लेंड्या, आणि उपचार संपल्यावर कागदपत्रांच्या भेंडोळ्यात महिनोन्महिने अडकलेली माणसे. दोन आठवड्यांच्या आत रुग्णालयप्रमुख मेजर जनरल वेटमन यांना पदावरून दूर केले गेले, दुसऱ्याच दिवशी लष्करमंत्री हार्वी गेले, आणि त्यापाठोपाठ लष्कराच्या वैद्यकीय शाखेचे प्रमुख कायली यांनाही जावे लागले. तत्परता म्हणून हे उदाहरण आपल्याकडे कौतुकाने दिले जाते, आणि मंत्रीही सुटला नाही याचे महत्त्व मी नाकारत नाही. पण वेटमन यांना त्या पदावर येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. त्यांच्या जागी तात्पुरते नेमले गेले ते कायलीच, ज्यांनी पूर्वी तेच रुग्णालय चालवले होते! ती नेमणूक लगेच मागे घ्यावी लागली.

त्याहून महत्त्वाचा तपशील नंतर बाहेर आला. त्या आवाराचे व्यवस्थापन पाहणाऱ्या कर्नलने सप्टेंबर २००६ मध्येच लेखी इशारा दिला होता की देखभालीची कामे खासगी कंपनीकडे देण्याच्या प्रक्रियेमुळे अनुभवी कर्मचारी सोडून जात आहेत आणि रुग्णसेवा कोलमडण्याच्या बेतात आहे. ती कामे कंपनीकडे जाईपर्यंत सुमारे तीनशे कर्मचाऱ्यांचे साठाहून कमी उरले. त्यात २००५ मध्येच वॉल्टर रीड बंद करून दुसरीकडे विलीन करण्याचा निर्णय झालेला. बंद होणाऱ्या इमारतीवर खर्च कोण करणार? बुरशीचे मूळ त्या दोन निर्णयांत होते. वेटमन गेले तरी ते निर्णय ज्या टेबलांवर झाले, ती टेबले जागची हलली नाहीत. क्रिमियन युद्धातही हेच दिसते. तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या ब्रिटिश लष्करी रुग्णालयातले हाल ‘टाइम्स’मधून वाचून इंग्लंड पेटले आणि जानेवारी १८५५ मध्ये ॲबरडीन यांचे सरकार पडले. पण सरकार पडल्याने तिथले मृत्यू थांबले नाहीत. त्या वसंतात स्वच्छता आयोगाची माणसे आली, त्यांनी रुग्णालयाखालची तुंबलेली गटारे उपसली, हवा खेळती केली, आणि मग मृत्यूंचा आकडा झपाट्याने उतरला. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी हा धडा आकड्यांत मांडला आणि पुढे हिंदुस्थानातील लष्कराच्या आरोग्याची चौकशी घडवून आणली. त्या चौकशीच्या १८६३ च्या अहवालातून जगाला कळले की इथे गोऱ्या सैनिकांमागे वर्षाला हजारी ६९ मरत होते, बहुतेक रोगराईने. नाइटिंगेल दिवा घेऊन फिरल्या एवढेच आपण मुलांना शिकवतो. त्या आकडे घेऊन सत्तेच्या मागे लागल्या, हे शिकवत नाही.

गुप्ततेचा आक्षेपही नेहमी येतो. लढाई चालू असताना किती जखमी कुठे आहेत हे जाहीर करू नये, हे कोणीही मान्य करील. पण त्याच क्रिमियात लॉर्ड रॅग्लन यांनी ‘टाइम्स’चे वार्ताहर रसेल यांच्यावर शत्रूला माहिती पुरवल्याचा ठपका ठेवला होता, हेही लक्षात असावे. सरहद्दीपासून दूरच्या, शांततेतल्या रुग्णालयात परिचारिकांची किती पदे रिकामी आहेत आणि छताची दुरुस्ती किती महिने रखडली आहे, यात शत्रूच्या उपयोगाचे काय असते?

‘तक्रारीसाठी लष्कराची स्वतःची यंत्रणा आहे,’ हा आक्षेप मला सर्वांत जास्त विचार करायला लावतो, कारण तो अर्धा खरा आहे. १९५० च्या लष्कर अधिनियमाचे कलम २६ जवानाला दाद मागण्याचा हक्क देते. तक्रार स्वतःच्याच अधिकाऱ्याविरुद्ध असेल तर त्याच्या वरच्याकडेही जाता येते. पलटणीच्या सैनिक संमेलनात उभे राहून बोलता येते. पण पलटणीपासून शेकडो किलोमीटर दूर खाटेवर पडलेल्या माणसाला ही वाट किती उपयोगी? आणि मुख्य अडचण वेगळीच आहे. बरा झाला की त्याला मेडिकल बोर्डापुढे उभे राहायचे असते. तो शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, राहणार की लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे खालच्या श्रेणीत, जाणार, हे ते बोर्ड ठरवते. त्यावर त्याची बढती, नेमणूक, कदाचित नोकरीच अवलंबून असते; अपंगत्व किती टक्के आणि ते सेवेमुळे आले की नाही, यावर पेन्शन ठरते. या प्रश्नावर सैनिकांना न्यायालयांत इतकी वर्षे झगडावे लागले की शेवटी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की संशयाचा फायदा सैनिकाला मिळाला पाहिजे. आता विचार करा. ज्या वैद्यकीय शाखेच्या हातात त्याचा हा कागद आहे, तिच्याच वॉर्डाविरुद्ध तो तक्रार करील का? बोर्डावरचे डॉक्टर सूड घेतील असे मी म्हणत नाही. बहुतेक जण घेणार नाहीत. पण तेवीस वर्षांचा, घरी आईवडील आणि गहाण पडलेली कलमांची बाग असलेला मुलगा तो धोका का पत्करील? तक्रारी येत नाहीत याचा अर्थ सगळे ठीक आहे, असा काढायचा की काय?

अशी भीती बाळगली नाही तर काय हाती लागते, याचे उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०२३ च्या निकालात आहे. पाकिस्तानच्या सीमेवर सैन्य जमवले गेले त्या ऑपरेशन पराक्रमच्या काळात, २००२ साली, हवाई दलाच्या एका जवानाला जम्मूतल्या सांब्याच्या लष्करी रुग्णालयात रक्ताची एक पिशवी चढवण्यात आली. बारा वर्षांनी त्याला एचआयव्हीचे निदान झाले, आणि वैद्यकीय मंडळांनीच ते त्या रक्ताशी जोडले. सेवावाढ नाकारली गेली. आपलेच कागद मिळवण्यासाठी त्याला माहितीच्या अधिकारात अर्ज करावे लागले. ग्राहक आयोगाने दावा फेटाळला. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने भूदल आणि हवाई दल यांना संयुक्तपणे जबाबदार धरून १ कोटी ५४ लाख ७३ हजार रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. न्यायालयाने हेही नोंदवले की चूक व्यवस्थेची आहे, तिची जबाबदारी एका व्यक्तीवर टाकता येत नाही. निकाल न्याय्य आहे. पण माझ्या मनाला एक गोष्ट सलते. एकवीस वर्षांनी कोणा एकाचे नाव घेता येत नाही, हे खरेच. पण त्या तात्पुरत्या रक्तपेढीत पुरेशी तज्ज्ञ माणसे नाहीत, हे २००२ मध्ये कोणालाच ठाऊक नव्हते का? कोणी लिहिले होते का? ते वेळीच विचारले असते, तर नाव नाही तरी टेबल सापडले असते.

निवृत्तांची कथा थोडी वेगळी आहे. ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना २००३ मध्ये सुरू झाली, त्यातून पुष्कळांना आधार मिळाला. पॉलिक्लिनिकमध्ये औषधे नसणे, खासगी रुग्णालयांची बिले थकणे, हे कॅगने २०१५ मध्येच लिहून ठेवले आहे. म्हणजे इथे कागद सापडलेला आहे, छापलेलाही आहे. तो वाचून पुढे काय केले, हे आपल्या खासदारांना विचारायला कोणी अडवलेले नाही.

‘सैन्याचे मीठ खाल्लेल्याने सैन्याविरुद्ध बोलू नये,’ असे मेळाव्यात एक ज्येष्ठ सुभेदार म्हणाले. त्यांच्याविषयी मला आदर आहे, म्हणून दापोलीची आठवण करून देतो. कॅम्प दापोली ही पेन्शनर सैनिकांची वस्ती. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सुभेदार यांचे कुटुंब तिथेच राहिले. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीत आले आणि १८९४ साली, महारांची सैन्यभरती बंद केल्याबद्दल, त्यांनी थेट सरसेनापतींना उद्देशून विनंतीपत्र तयार केले. पेन्शन सरकारचीच होती. मीठ खाल्ले होते, म्हणूनच तर बोलण्याचा अधिकार होता.

मला हवे असलेले बदल फार मोठे नाहीत. शांततेच्या ठिकाणच्या प्रत्येक लष्करी रुग्णालयाने दरवर्षी रिक्त पदे, शस्त्रक्रियेनंतरच्या जंतुसंसर्गाचे प्रमाण आणि दुरुस्तीच्या प्रलंबित मागण्या त्यांच्या तारखांसह संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे ठेवाव्यात. वॉर्डातल्या जवानाला आपल्या कमांडच्या आणि वैद्यकीय शाखेच्या बाहेरच्या माणसाशी नाव न सांगता बोलता यावे. आणि डिस्चार्ज घेताना केसपेपरची पूर्ण प्रत, न मागता, त्याच्या हातात पडावी. यांतल्या कशाने शिस्त मोडते, ते मला कोणी समजावून सांगावे.

मेळाव्याच्या शेवटी, बऱ्याच चर्चेनंतर, खासदारांना पाठवण्यासाठी साधारण अशाच मजकुराचा ठराव झाला. सैन्याच्या बदनामीविषयी बोलणाऱ्या सुभेदारांनी ‘रुग्णालयाचे नाव कुठेही येता कामा नये’ या अटीवर पहिली सही केली. कागद फिरत त्या जवानापर्यंत गेला. त्याने तो शेवटपर्यंत वाचला आणि काकांकडे दिला. पुढच्या महिन्यात त्याचे बोर्ड आहे.